ऑइलच्या जुन्या पत्र्याच्या डब्याचं वय मोबाईलने कसं ओळखायचं? पालघर-बोईसरच्या माळ्यावरचा खजिना

आज विषय थोडा हटके आहे. तुमच्या घराच्या माळ्यावर, काकांच्या गॅरेजमध्ये किंवा एखाद्या होडीच्या कोपऱ्यात इंजिन ऑइलचा गंजका पत्र्याचा डबा पडलेला तुम्ही नक्की पाहिला असेल. कुणी त्यात खिळे ठेवतं, कुणी तुळस लावते. आणि खरं सांगायचं तर गावाकडे कित्येक डब्यांचा शेवट टमरेल म्हणून झालेला आहे. पण हेच डबे जमवणारे लोक जगभर आहेत. पेट्रोल पंप, ऑइल कंपन्यांच्या पाट्या, डबे अशा वस्तूंच्या या छंदाला ‘पेट्रोलियाना’ असं नावही आहे.

आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मुरबेला मामाच्या जुन्या होडीच्या सामानात मला एक गोल डबा सापडला. शिंपल्याचं चिन्ह, पिवळा-लाल रंग, खाली बारीक अक्षरांच्या दोन ओळी. घरी आणला, व्हिनेगर ओतलं, तारेच्या ब्रशने घासला. डबा चकाचक झाला आणि त्या दोन ओळी कायमच्या गेल्या. ‘बर्मा’ एवढंच शिल्लक राहिलं. नंतर कळलं की डब्याचा जन्मदाखला त्याच दोन ओळींत होता. म्हणून हा लेख. डबा घासायच्या, विकायच्या किंवा भंगारात द्यायच्या आधी तो वाचायचा कसा, एवढंच आज बघू. त्यासाठी लागणारं जवळपास सगळं सामान तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे.

आपल्या भागात हे डबे आले कुठून?

पालघर-बोईसरचा पट्टा या छंदासाठी फार भारी आहे, कारण इथे ऑइल तीन वाटांनी येत होतं. पहिली वाट समुद्राची. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, घिवली, तारापूर, चिंचणी. स्वातंत्र्यानंतर शिडाच्या होड्यांना हळूहळू डिझेल इंजिन बसली आणि ऑइलचे डबे बंदरावर यायला लागले. दुसरी वाट हायवेची. आजचा मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे मनोर, मस्तान नाका, चिल्हार फाटा. ट्रकवाल्यांच्या थांब्यांजवळ गॅरेज आलीच. तिसरी वाट तारापूरची. इथलं अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं आणि एमआयडीसीत कारखाने वाढत गेले. कारखान्याला डबा पुरत नाही, पिंप लागतं.

या तीन वाटांमुळेच इथे डब्यांचे आकारही वेगवेगळे सापडतात. स्कूटरवाल्याला अर्धा-एक लिटरचा छोटा डबा पुरायचा. मोटारीच्या इंजिनमध्ये साधारण चार लिटरच्या आसपास ऑइल बसतं, म्हणून गॅलनचा किंवा पाच लिटरचा डबा. ट्रक आणि होडीवाल्यांना १८-२० लिटरचा चौकोनी किंवा गोल डबा. कारखान्यात २१० लिटरचं पिंप. शिवाय वर्कशॉपमधली ती लांब नाकाची, बुड दाबलं की टप टप तेल टाकणारी छोटी ऑइल-कॅन वेगळीच. काही संग्राहक एकाच कंपनीचे सगळे आकार लहान ते मोठे असे ओळीने जमवतात. मला स्वतःला हीच पद्धत आवडते, कारण आकार हा फक्त शोभेचा भाग नाही. आकारावरून काळ कळतो.

डब्याचं माप घ्या: गॅलन की लिटर?

भारतात मेट्रिक मापं आणणारा कायदा १९५६ चा. प्रत्यक्ष बदल १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झाला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बाजारात लिटर-किलो रुळले. म्हणजे इथे भरलेल्या डब्यावर ‘गॅलन’, ‘क्वार्ट’ किंवा ‘पिंट’ लिहिलं असेल तर तो बहुतेक त्याआधीचा. आणि ‘लिटर’ असेल तर नंतरचा.

पण अक्षरं पुसली गेली असतील तर? तेव्हा गणित कामाला येतं. शाळेत शिकलेलं वृत्तचितीचं सूत्र आठवा: त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले उंची. डब्याचा व्यास १६.५ सेंटिमीटर आणि उंची २२.५ सेंटिमीटर असेल तर आकारमान येतं सुमारे ४,८०० घन सेंटिमीटर, म्हणजे ४.८ लिटर. डबा कधीच काठोकाठ भरत नाहीत, वर थोडी मोकळी जागा ठेवतात. ती वजा केली की उरतात साधारण साडेचार लिटर. ब्रिटिश गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर. सापडलं!

आता व्यास १७ आणि उंची २३.५ असती तर उत्तर येतं ५.३ लिटर. मोकळी जागा वजा जाता पाच. म्हणजे हा मेट्रिक जमान्यातला डबा. दोन डबे शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक जेमतेम जाणवतो, पण मधे एक अख्खा कायदा आहे.

अमेरिकन गॅलन मात्र वेगळा, ३.७८५ लिटरचा. तिथला क्वार्ट ०.९४६ लिटरचा, आपल्या लिटरपेक्षा किंचित कमी. ब्रिटिश क्वार्ट १.१३७ लिटरचा, किंचित जास्त. अमेरिकेत गॅलन-क्वार्ट आजही चालतात, त्यामुळे आयात डब्याला वरचा नियम लावू नका. तारापूरचं पहिलं केंद्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या तंत्रज्ञानावर उभं राहिलं, तेव्हा या भागात एखादा अमेरिकन क्वार्टचा डबा सापडला तर मला तरी नवल वाटणार नाही.

मोठ्या चौकोनी डब्याचं माप लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. रॉकेलचा तो जुना प्रसिद्ध डबा ४ ब्रिटिश गॅलनचा, म्हणजे १८ लिटरपेक्षा थोडा जास्त. आणि पिंप? ते मूळचं ५५ अमेरिकन गॅलनचं, म्हणून २०८ लिटर असा विचित्र आकडा येतो. आपल्याकडे त्याला सरसकट २१० लिटर म्हणतात.

माप घेण्यासाठी मोबाईलमधली मोजपट्टीची ॲप्स वापरू शकता, पण गोल चकचकीत पत्र्यावर ती बऱ्याचदा चुकतात. शिंप्याची टेप किंवा साधी पट्टी बरी. फोटो काढताना शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यामुळे नंतर फोटोवरूनही अंदाज घेता येतो.

दोन भिंतींची युक्ती

आता मुख्य गोष्ट. डब्यावरची प्रत्येक खूण दोनपैकी एक काम करते. काही खुणा सांगतात, ‘हा डबा अमुक सालाच्या आधीचा असू शकत नाही.’ काही सांगतात, ‘अमुक सालानंतरचा असण्याची शक्यता फार कमी.’ एक भिंत अलीकडची, एक पलीकडची. जितक्या जास्त खुणा सापडतील तितकी मधली खोली लहान होत जाते.

पलीकडची भिंत बहुतेक वेळा कंपनीचं नाव उभी करतं, कारण आपल्याकडच्या ऑइल कंपन्यांची नावं सरकारी निर्णयांनी बदलली आणि त्याच्या तारखा पक्क्या आहेत. बर्मा-शेल ही भारतात १९२८ मध्ये उभी राहिली, जानेवारी १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, आणि ऑगस्ट १९७७ मध्ये तिचं नाव झालं भारत पेट्रोलियम. एस्सो हे नाव आपल्याकडे १९६२ नंतरचं. त्याआधी तिची जागा ‘स्टॅनव्हॅक’ म्हणजे स्टँडर्ड-व्हॅक्युम या कंपनीची होती. १९७४ मध्ये एस्सो सरकारकडे गेली आणि हिंदुस्तान पेट्रोलियम तयार झाली. कॅल्टेक्स १९७८ मध्ये त्याच कंपनीत मिसळली. जुने मेकॅनिक कुठल्याही इंजिन ऑइलला ‘मोबिल ऑइल’ म्हणतात ना? ते नाव याच व्हॅक्युम कंपनीच्या डब्यांवरून आलं, जसं वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणायचे. इंडियन ऑइलचं ‘सर्व्हो’ हे नाव १९७२ पासूनचं, म्हणजे सर्व्होचा डबा कितीही गंजलेला असला तरी पन्नास-साठच्या दशकातला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘आजोबांच्या काळातला’ म्हणून सर्व्होचे डबे विकायला ठेवलेले मी पाहिलेत. आजोबा खरे असतील, काळ चुकतो.

कॅस्ट्रॉलची गोष्ट गमतीची आहे. हे नाव १९०९ मध्ये आलं, कारण त्या ऑइलमध्ये एरंडेल मिसळलेलं असायचं आणि एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात. कंपनीचं मूळ नाव वेकफील्ड. १९६० मध्ये कंपनीने स्वतःचं नावच कॅस्ट्रॉल केलं. त्यामुळे डब्यावर ‘वेकफील्ड’ दिसलं की कान टवकारा.

आता अलीकडची भिंत. इथे पत्ता फार उपयोगी पडतो. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी ‘बॉम्बे-१’, ‘बॉम्बे-२८’ असे विभाग क्रमांक लिहायचे, आणि तेच आकडे नंतर पिनच्या शेवटी जाऊन बसले: ४००००१, ४०००२८. ‘मुंबई’ हे इंग्रजीतलं अधिकृत नाव १९९५ चं. ‘बॉम्बे स्टेट’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. स्थानिक विक्रेत्याचं लेबल चिकटवलेलं असेल तर तिथेही बघा. ‘पालघर, जि. ठाणे’ म्हणजे १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचं, कारण पालघर जिल्हा त्याच दिवशी वेगळा झाला.

किंमतही बोलते. आणे असतील तर एप्रिल १९५७ च्या आधीचा डबा. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा, ही तर एकाच खुणेत दोन्ही भिंती! ‘कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित’ हा प्रकार १९९० नंतरचा. ८९० ने सुरू होणारा बारकोड त्याहूनही नंतरचा, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातला.

१९७७ च्या पॅकेजिंग नियमांनंतर तर डब्यावर भरल्याचा महिना आणि वर्ष देणं बंधनकारक झालं. ते बऱ्याचदा छापलेलं नसतं, बुडाला किंवा झाकणाच्या कडेला ठोकलेलं असतं. तिथेच आपण सगळे चुकतो. समोरून बघून काही दिसत नाही.

ऑइलची जात सांगणारी अक्षरंही वाचा. ‘एसएई ३०’ असा एकच आकडा असेल तर ते एका जाडीचं जुन्या पद्धतीचं ऑइल. ‘२०डब्ल्यू-४०’ असे दोन आकडे असतील तर थंड आणि गरम दोन्ही स्थितींत चालणारं. ‘एपीआय’ या अक्षरांपुढे एमएल, एमएम, एमएस किंवा डिझेलसाठी डीजी, डीएम, डीएस असेल तर ती १९५२ पासूनची जुनी पद्धत. १९७० च्या सुमाराला ती बदलून पेट्रोलसाठी ‘एस’ आणि डिझेलसाठी ‘सी’ ने सुरू होणाऱ्या जोड्या आल्या. एसई १९७२, एसएफ १९८०, एसजी १९८९ अशी ती यादी पुढे सरकते. पण ही फक्त अलीकडची भिंत आहे हं! आपल्याकडे जुन्या दर्जाचं ऑइल पुढे अनेक वर्षं विकलं जात होतं. एसएफ लिहिलंय म्हणून डबा १९८० चाच, असं म्हणू नका. १९८० च्या आधीचा नाही, एवढंच म्हणा.

अजून एक सावधगिरी. कंपनीचं नाव बदललं की छापून ठेवलेले डबे लगेच कुणी फेकत नाही. पलीकडची भिंत थोडी मऊ असते, वर्ष-सहा महिने इकडेतिकडे धरा.

मोबाईल नेमका कसा वापरायचा

डबा धुवायच्या आधी फोटो. चारही बाजू, झाकण, बुड, आणि पत्र्याचा उभा जोड. दिवसाच्या सावलीत काढा, फ्लॅश बंद ठेवा. पत्र्यावर फ्लॅश पडला की मधोमध पांढरा डाग येतो आणि नेमकी तिथलीच अक्षरं जातात.

ठोकलेली अक्षरं वाचण्यासाठी मात्र अंधारी खोली हवी. एक मोबाईल सरळ वर धरा. दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च पत्र्याच्या अगदी कडेने, जवळजवळ आडवा टाका. प्रत्येक खोलगट रेघेची सावली पडते आणि डोळ्यांना गुळगुळीत वाटणाऱ्या बुडावर आकडे उभे राहतात. टॉर्च चारही दिशांनी फिरवून चार फोटो घ्या. जुने शिलालेख वाचतानाही तिरक्या प्रकाशाचीच युक्ती वापरतात.

पुसट छपाईसाठी फोटो एडिटरमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवा, मग काळा-पांढरा करा, मग उलटा करून बघा. गुगल लेन्सने अक्षरं कॉपी करता येतात आणि चिन्हावरून कंपनीही कळते. पण लेन्स बहुतेक वेळा अमेरिकेतला किंवा इंग्लंडमधला सारखा दिसणारा डबा दाखवतं आणि तिकडची डॉलरमधली किंमत बघून आपले डोळे पांढरे होतात. एआय चॅटबॉटला फोटो दाखवून विचाराल तर तो बिनधास्त ‘१९४० चं दशक’ म्हणून मोकळा होतो. त्याला उलटं विचारा: कोणत्या अक्षरावरून म्हणतोस? उत्तर डब्यावर बोट ठेवून तपासता आलं तरच घ्यायचं.

खरा की नवीन छापलेला?

सजावटीसाठी जुन्या धाटणीचे नवे डबे आणि पाट्या आता सर्रास मिळतात. त्यात वाईट काही नाही, पण नवा डबा जुना म्हणून विकला तर ती फसवणूक. ओळखायचं कसं, हे कळायला डबा बनतो कसा ते माहीत हवं.

जुना डबा म्हणजे पोलादाचा पातळ पत्रा आणि त्यावर कथिलाचा पातळ थर. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावायचे, तेच हे कथिल. भारतात हा पत्रा बनवायला जमशेदपूरला टिनप्लेट कंपनी १९२० मध्ये स्थापन झाली, आणि तिच्यात टाटांबरोबर भागीदार होती बर्मा ऑइल. ऑइल कंपनीला पत्रा कशाला? डब्यांसाठीच!

या पत्र्यावर छपाई आधी व्हायची, सपाट असताना. धातूवर थेट छापणं अवघड, म्हणून १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कलेने चित्र आधी मधल्या सिलिंडरवर आणि मग पत्र्यावर उतरवायची पद्धत काढली. आज पुस्तकं ज्या ऑफसेटने छापतात त्याचं मूळ डबे छापण्यात आहे, हे मला कळलं तेव्हा मी तरी थक्क झालो होतो. छापून झालं की पत्रा कापायचा, वाकवायचा, कडा एकमेकांत अडकवून जोड बसवायचा. त्यामुळे खऱ्या डब्यावर रंग जोडाच्या घडीत आत शिरलेला दिसतो. रंग जोडाच्या वरून सलग गेलेला असेल तर डबा नंतर रंगवलाय किंवा स्टिकर लावलाय.

दुसरी खूण मॅक्रो मोडची. कॅमेरा रंगाच्या जवळ न्या. जुन्या डब्यांवर मोठे भाग साधारणपणे सलग एकाच शाईचे असतात. सगळीकडे निळे, गुलाबी, पिवळे, काळे बारीक ठिपके दिसले तर नवी छपाई असण्याचा संशय घ्या. तिसरी खूण गंजाची. खरा गंज ओरखडे, जोड आणि बुडाची कड इथून सुरू होतो. डब्याच्या मधोमध सुंदर गोल गंज असेल तर तो कुणीतरी ‘बनवलेला’ असू शकतो.

आणि हो, डब्याला खिळ्याने भोक पाडलेलं असेल किंवा तो कापलेला असेल तर नाराज होऊ नका. नामांकित कंपनीचे रिकामे डबे गोळा करून त्यात भेसळीचं ऑइल भरून विकणारे लोक असतात, म्हणून प्रामाणिक मेकॅनिक डबा रिकामा झाला की भोक पाडून टाकतो. आपल्यासाठी याचा अर्थ असा: अलीकडचे रिकामे डबे झाकणासकट चांगल्या भावात मागणारा माणूस संग्राहकच असेल असं नाही. त्याला देऊ नका.

समुद्राची हवा आणि कथिलाचा धोका

घराच्या छपराचा जस्ताचा पत्रा ओरखडला तर आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. कथिलाचं उलटं आहे. थर अखंड असेपर्यंत कथिल लोखंडाला छान झाकतं. पण एकदा ओरखडा गेला की ओलाव्यात लोखंडच आधी झिजायला लागतं, आणि उघड्या जागेपासून गंज रंगाखाली सरकत जातो. त्यात आपल्याकडे खारी हवा, चार महिने पाऊस. चिंचणीच्या ओट्यावर ठेवलेला डबा आणि कपाटात ठेवलेला डबा यांत दोन पावसाळ्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तारेचा ब्रश म्हणजे एका वेळी हजार ओरखडे. माझ्या पहिल्या डब्याचं तेच झालं, चकाचक केलेला डबा पुढच्या श्रावणात तांबडालाल झाला होता.

म्हणून मऊ रंगाच्या ब्रशने धूळ झाडा. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब कोमट पाण्यात टाका, कापसाने आधी बुडाजवळच्या कोपऱ्यात तपासा. रंग कापसावर आला तर तिथेच थांबा. मग लगेच पूर्ण कोरडा करा आणि गाडी पॉलिश करायच्या मेणाचा, बारीक कण नसलेल्या, अगदी पातळ हात द्या. व्हिनेगर, लिंबू, थिनर, पेट्रोल यांतलं काहीही नको. डबा बंद कपाटात ठेवा, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका.

पिंप कापू नका

हा भाग गंभीर आहे, घाईत असाल तरी वाचा. जुनं पिंप किंवा डबा ग्राइंडरने कापून त्याची खुर्ची, टेबल, कुंडी बनवायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. रिकामं पिंप भरलेल्या पिंपापेक्षा जास्त धोकादायक असू शकतं. इंजिन ऑइल सहज पेटत नाही, पण त्याच पिंपात नंतर कुणी पेट्रोल, थिनर किंवा सॉल्व्हंट ठेवलं होतं की नाही हे तुम्हाला माहीत नसतं. पेट्रोलची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास असली तरी एका ठिणगीवर स्फोट होऊ शकतो, आणि बंद पिंपात ती वाफ कुठे जाणार? एमआयडीसीच्या आसपास भंगारात येणारी पिंपं तर केमिकलचीही असतात. लेबल नसलेलं पिंप संग्रहासाठी घेऊ नका, नाक लावून वास तर अजिबात घेऊ नका.

डब्यात जुनं काळं ऑइल असेल तर हातमोजे घाला. ते बाटलीत काढा आणि वापरलेलं ऑइल पुनर्वापरासाठी देणाऱ्या गॅरेजला द्या. गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. तारापूर औद्योगिक क्षेत्र आधीच देशातल्या गंभीर प्रदूषित क्षेत्रांच्या यादीत आहे, त्यात आपली भर नको. जुन्या डब्यांच्या जोडाला शिशाचं डाग असायचं, त्यामुळे असा डबा खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी वापरू नका आणि जोड खरवडू नका.

घेताना, विकताना

भाव मी सांगणार नाही, कारण एकच डबा एका माणसाला भंगार असतो आणि दुसऱ्याला तीन वर्षं शोधत असलेला आकार. एवढंच लक्षात ठेवा: जाहिरातीत लिहिलेली किंमत ही मागणी असते. ईबेसारख्या साइटवर ‘विकलेल्या वस्तू’ असा फिल्टर लावला की प्रत्यक्ष सौदे कितीला झाले ते दिसतं.

विकायला फोटो टाकाल तेव्हा लोकेशनची माहिती काढून टाका. मोबाईलचा कॅमेरा फोटोच्या आत जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो, आणि मूळ फाइल पाठवली तर तुमच्या घराचा पत्ता समोरच्याकडे जातो. आणि कुणी म्हणालं, ‘दादा, पैसे पाठवतोय, फक्त रिक्वेस्ट ॲक्सेप्ट करून यूपीआय पिन टाका,’ तर तिथेच ब्लॉक करा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

गॅरेजवाल्या काकांकडून डबा घेताना दोन मिनिटं बसा. डबा कुणी आणला, कुठल्या इंजिनला वापरला, आधी कुठल्या दुकानातून यायचा हे विचारा आणि त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. पुण्यात दिनकर केळकरांनी अशीच अडकित्ते, दिवे, भांडी अशी रोजच्या वापरातली साधी वस्तू न वस्तू जमवली. पुढे त्यांनी तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला, आज तिथे राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. त्यांच्या वेळी मोबाईल नव्हता. आपल्याकडे आहे, त्यामुळे डबा घरी नेता आला नाही तरी त्याची नोंद नेता येते.

मी गुगल शीट वापरतो. एका डब्याला एक ओळ, आणि फोटोंच्या फाइलला तोच क्रमांक. मुरबेच्या डब्यानंतर दोन वर्षांनी बोईसरच्या एका गॅरेजमध्ये मिळालेल्या, अजूनही न घासलेल्या डब्याची ओळ अशी आहे:

बोईसर-००२. एस्सो. गोल, व्यास १७, उंची २३.५ सेंमी, छापील माप ५ लिटर. रंग जोडाच्या घडीत गेलेला. पत्त्यात ‘बॉम्बे’, पिन कोड नाही, बारकोड नाही. बुडावर ठोकलेलं काही नाही, टॉर्चने चारही बाजूंनी पाहिलं. १९६२ च्या आधीचा नाही, १९७४ नंतरचा बहुधा नाही, पिन नसल्यामुळे १९७२ च्या आतला असण्याची शक्यता जास्त. झाकण मूळचं नाही, तीस वर्षं नट-बोल्ट ठेवायला वापरला, असं काकांनी सांगितलं.